डोमेन कुणाच्या नावावर आहे? कारखान्याच्या वेबसाइटसाठी होस्टिंग कंपनी निवडताना आलेला अनुभव

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. दिवाळीला गावी गेलेली माणसं परत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी साडेदहाला चाकणच्या एका गिऱ्हाइकाच्या परचेसमधून फोन आला. "मॅडम, दोन दिवस तुम्हाला मेल करतेय, सगळे परत येतायत. कारखाना चालू आहे ना?"

आमचा भोसरी एमआयडीसीत रबरी गास्केट, ओ-रिंग आणि सील बनवायचा छोटा कारखाना आहे. बाबांनी १९९६ साली सुरू केला. आज आम्ही सगळे मिळून अकरा जण आहोत. वेबसाइट २०१७ मध्ये केली, तीही हौस म्हणून नाही. एका मोठ्या कंपनीच्या वेंडर रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, ईमेल मागितला होता, जीमेलचा पत्ता चालत नव्हता. तेव्हापासून ड्रॉइंग, कोटेशन, परचेस ऑर्डर, सगळं त्याच मेलवर येतं. साइट महिनाभर कुणी उघडली नाही तर आमचं फारसं बिघडत नाही. मेल एक दिवस बंद पडला तर बिघडतं. हा फरक मला त्या दिवशी नीट कळला, आणि पुढचा सगळा निर्णय त्याच्यावरच झाला. म्हणून तो आधी सांगते.

मी साइट उघडून पाहिली. आमच्या पानाच्या जागी कुठल्यातरी जाहिराती आणि 'हे डोमेन संपले आहे' असा मजकूर. डोमेनची नोंद कुठे आहे आणि कधी संपते हे इंटरनेटवर फुकट तपासता येतं. आमची मुदत ७ नोव्हेंबरलाच संपली होती. मालकाचं नाव मात्र झाकलेलं होतं. ज्या कंपनीकडे नोंदणी होती तिच्या कस्टमर केअरला फोन लावला, पाऊण तास थांबले. त्यांनी विचारलं, खात्याचा ईमेल कोणता? मी आमचा सांगितला. तो खात्यावर नव्हता. "ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांच्याशीच बोलता येईल," एवढं सांगून त्यांनी विषय संपवला. त्यांचं नियमाने बरोबरच होतं, पण त्या क्षणी पायाखालची जमीन सरकली. सात वर्षं व्हिजिटिंग कार्डावर, डिलिव्हरी चलनावर, गेटवरच्या बोर्डावर आपण जे नाव छापतोय, ते कागदोपत्री आपलं नव्हतंच.

साइट करून देणारा डिझायनर तेव्हा भोसरीतच बसायचा. वर्षाला नऊ हजार घ्यायचा, त्यात डोमेन, होस्टिंग, मेल, बारीकसारीक बदल सगळं आलं. आता त्याचा नंबर लागत नव्हता. आमची कार्डं छापणाऱ्या प्रेसवाल्या काकांनी त्याची ओळख करून दिली होती, म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी आणखी कुणाकडून तरी नवा नंबर मिळवून दिला. यात दोन दिवस गेले. गुरुवारी, १४ तारखेला, त्याच्याशी बोलणं झालं. तो बेंगळुरूला नोकरीला लागला होता. मी फोनवर त्याला बरंच लागेल असं बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवले. ऑक्टोबरपासून त्याने तीन वेळा आठवण केली होती, पण आमच्या ऑफिसच्या जुन्या मोबाइल नंबरवर, जो आम्ही २०२३ मध्ये बंद केला होता. आणि त्याला शेवटचे पैसे आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिले होते. २०२३ चे त्याने स्वतःच्या खिशातून भरले होते. मी खाते वही काढून पाहिली. त्याचं खरं होतं. त्याला परत फोन करून माफी मागितली.

शुक्रवारी त्याने डोमेनचं नूतनीकरण केलं. १,१०० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,२९८. एवढ्यावर निभावलं याचं कारण आम्ही वेळेत जागे झालो. डॉट कॉमची मुदत संपल्यावर सहसा काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं, नंतर ३० दिवसांचा एक टप्पा येतो ज्यात सोडवून घ्यायला वेगळे काही हजार मोजावे लागतात, मग पाच दिवसांनी नाव खुलं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. तुमचं डोमेन कधी संपलेलं दिसलं तर घाबरून दुसरं नाव घेऊ नका, आधी तारीख मोजा. शनिवारी दुपारी मेल सुरू झाले. मधल्या आठ-नऊ दिवसांत आलेले मेल पाठवणाऱ्यांकडेच परत गेले होते. ते काही मिळाले नाहीत. नेहमीच्या सोळा गिऱ्हाइकांना मी एकेक करून फोन केले.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मतदान करून आले आणि वही घेऊन बसले. डिझायनर म्हणाला होता, "ताई, मला नोकरीमुळे आता हे जमणार नाही. तुम्ही तुमच्या नावावर घ्या, मी लागेल ती मदत करतो." म्हणजे तीन गोष्टी वेगवेगळ्या विकत घ्यायच्या होत्या. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली ठेवायची भाड्याची जागा, आणि मेल. तोवर मला हे तिन्ही एकच वाटायचं, कारण बिल एकच यायचं.

पुढचे दहा दिवस मी कंपन्यांच्या साइट बघत होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत डोकं गरगरलं. शेअर्ड, क्लाउड, व्हीपीएस, मॅनेज्ड वर्डप्रेस. एका कंपनीच्या सेल्सवाल्याने आमची साइट न बघताच व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी राखलेला भाग, घ्या म्हणून सांगितलं, वर्षाला अठरा हजार. आमची साइट नऊ पानांची, त्यावर चौदा एमबीचा कॅटलॉग आणि एक चौकशीचा फॉर्म. दिवसाला तीस-चाळीस लोक येतात. अशा साइटला साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, पुरून उरतं. रोज शेकडो ऑर्डर घेणारं ऑनलाइन दुकान असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःची गरज आधी एका कागदावर लिहून काढली की समोरचा आपल्याला वर ढकलतोय की नाही ते लगेच कळतं.

किमतीचं गणित मला सगळ्यात जास्त चुकवणारं वाटलं. एका ठिकाणी मोठ्या अक्षरात महिना १४९ रुपये लिहिलं होतं. तो दर चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच. म्हणजे ७,१५२, जीएसटी धरून ८,४३९. आणि चार वर्षांनंतरचा दर महिना ४४९. म्हणजे मग जीएसटी धरून दर वर्षाला ६,३५८. हा दुसरा आकडा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होता. मी वहीत प्रत्येक कंपनीपुढे फक्त नूतनीकरणाचा दर लिहायला सुरुवात केली आणि यादीचा क्रमच बदलला. पहिली सगळ्यात स्वस्त वाटलेली कंपनी खालून दुसरी आली.

'अनलिमिटेड' या शब्दाबद्दलही सांगते. जागा अमर्याद असली तरी फायलींच्या संख्येला बहुतेकांकडे मर्यादा असते, ती अटींच्या पानावर सापडते. बऱ्याच सर्व्हरवर मेलबॉक्समधला प्रत्येक मेल ही एक फाइल असते. आमच्या चार मेलबॉक्समध्ये सात वर्षांत एकसष्ट हजार मेल साठले होते. म्हणजे साइट छोटी असूनही मेलमुळेच आम्ही मर्यादेला टेकलो असतो. मेल होस्टिंगबरोबर फुकट घ्यायचा नाही, वेगळ्या सेवेकडे ठेवायचा, हे तिथेच ठरलं. साइट पडली तरी ऑर्डर येत राहायला हव्यात. चार मेलबॉक्स, प्रत्येकी महिना ७५ रुपये, वर्षाचे जीएसटीसह ४,२४८. बाबांना हे आधी पटलं नाही, "फुकट मिळतंय ते सोडून?" म्हणाले. मी त्यांना त्या आठ-नऊ दिवसांची आठवण दिली. मग ते काही बोलले नाहीत.

९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे तेवढा वेळ साइट चालू राहण्याची हमी, सगळेच लिहितात. तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं. आणि ती हमी मोडली तरी बहुतेक ठिकाणी भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, बुडालेल्या धंद्याचं कुणी काही देत नाही. त्यामुळे मी त्या आकड्यावर वेळ घालवला नाही. सर्व्हर कुठे आहे हे मात्र विचारलं. आमची सगळी गिऱ्हाइकं पुणे, नाशिक, संभाजीनगर आणि गुजरातेतली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पिंग करून, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तराची वेळ मोजून, पाहिलं तर मुंबईतल्या सर्व्हरचं उत्तर दहा-बारा मिलिसेकंदांत येत होतं, अमेरिकेतल्याला अडीचशेच्या आसपास लागत होते. आपली गिऱ्हाइकं जिथे, सर्व्हर तिथे जवळ. बाकी त्यात मोठं शास्त्र नाही.

बिलाबाबत आमच्या सीएंनी दोन गोष्टी सांगितल्या. पैसे भरायच्या आधी खात्यात आपला जीएसटी नंबर टाकायचा, म्हणजे बिलावर तो येतो आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतं. नंतर बिल दुरुस्त करून घेणं जिवावर येतं. आणि परदेशी कंपनीकडून घेतलं तर रिव्हर्स चार्जखाली १८ टक्के आपण स्वतः भरायचे आणि मग क्रेडिट घ्यायचं. चुकीचं काही नाही, पण दर वर्षी एक काम वाढतं. यादीतल्या दोन परदेशी कंपन्या त्यामुळे मी सोडल्या. एसएसएलसाठी, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, एका ठिकाणी वर्षाला ३,९९९ वेगळे मागत होते, तेही नको म्हटलं. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेचं प्रमाणपत्र फुकट असतं, २०२४ मध्ये ते ९० दिवसांचं होतं आणि चांगल्या होस्टिंगवर आपोआप नवं होत राहतं. आमच्यासारख्या साइटला तेवढं बास.

शेवटी तीन कंपन्या उरल्या. त्यांना मी एकच प्रश्न विचारला, रात्री साडेनऊला, चॅटवर: आमची साइट पीएचपी ७.४ वर (साइट ज्या प्रोग्रामिंग भाषेत चालते तिची ही आवृत्ती) आहे, त्यात एक मराठी पान आहे, तुमच्याकडे आणली तर चालेल का? पहिल्याने प्लॅनची लिंक पाठवली. दुसऱ्याने "हो, नक्की" म्हटलं आणि पैसे भरायचं पान उघडून दिलं. तिसऱ्याने उलट विचारलं की प्लगिन, म्हणजे साइटला जोडलेले जादा प्रोग्राम, कोणते आहेत, आणि सांगितलं, "७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला आहे. आधी चाचणीच्या जागेवर आठच्या आवृत्तीवर चालवून बघू, काही मोडलं तर तुम्हाला दाखवू, मग ठरवा." मी त्या रात्रीच वहीत तिसऱ्या नावाभोवती गोल केला. वर्षाला २,४०० रुपये, जीएसटीसह २,८३२, पुढच्या वर्षी तोच दर हे ईमेलवर लिहून घेतलं, सर्व्हर मुंबईत, रोजचा बॅकअप आणि तो परत चढवून द्यायला वेगळे पैसे नाहीत. फोन फक्त दहा ते सात, बाकी वेळ तिकीट, म्हणजे लेखी तक्रार. आम्हाला चालण्यासारखं होतं. नाव देत नाही, कारण दर आणि माणसं दोन्ही बदलतात. पण हा रात्रीचा प्रश्न तुम्हीही विचारून बघा. पैसे भरायच्या आधी जे उत्तर मिळतं, त्याहून चांगलं नंतर मिळत नाही.

९ डिसेंबरला पैसे भरले. डिझायनरने जुन्या सर्व्हरवरून बॅकअप काढून पाठवला, १.८ जीबी. भोसरीत आमची सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी मेलही कमी येतात, म्हणून बदल १२ तारखेला करायचं ठरवलं. बुधवारी रात्री मी जुन्या डीएनएसच्या, म्हणजे साइट आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहेत हे सांगणाऱ्या, सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. ए (साइटची), एमएक्स (मेलची), टीएक्सटी (इतर मजकुराची), एकही सोडली नाही. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि नंतर सहज परत मिळत नाही.

गुरुवारी सकाळी नव्या जागेवरची साइट तपासायला घेतली. इंग्रजी पानं उत्तम होती. मराठी पान उघडलं आणि धस्स झालं. ते पान बाबांनी स्वतः लिहिलेलं. एका हातप्रेसवर कारखाना कसा सुरू झाला, पहिली ऑर्डर कशाची होती, पहिला कामगार आजही आमच्याकडे कसा आहे. त्या सगळ्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम तेवढे जागच्या जागी. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "हे गेलं का सगळं?"

सपोर्टला तिकीट टाकलं. चाळीस मिनिटांत फोन आला. डेटाबेस बाहेर काढताना अक्षरांची पद्धत चुकीची निवडली गेली होती, त्यामुळे देवनागरी अक्षरं त्या फाइलमध्ये आलीच नव्हती. म्हणजे आमच्या हातातल्या बॅकअपमधून ती परत येणं शक्य नव्हतं. जुन्या सर्व्हरवर मूळ डेटाबेस होता, तिथून यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिपी सांभाळणाऱ्या, पद्धतीने पुन्हा काढायला हवा होता. डिझायनर ऑफिसात होता, त्याने जेवणाच्या सुट्टीत तो काढून पाठवला. दुपारी तीनला मराठी पान जसंच्या तसं दिसलं. जुनं होस्टिंग आदल्या दिवशी बंद केलं असतं तर ते पान कायमचं गेलं असतं. साइट हलवताना जुनी जागा किमान महिनाभर चालू ठेवा आणि मराठी मजकूर असेल तर पान न् पान डोळ्यांनी वाचून बघा. फोटो दिसतायत म्हणजे सगळं आलं असं नाही.

संध्याकाळी नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलले. डॉट कॉमच्या बाबतीत ही नोंद जगभरच्या सर्व्हरांकडे दोन दिवसांपर्यंत जुनीच राहू शकते, त्यामुळे शनिवारपर्यंत काही मेल जुन्या मेलबॉक्समध्ये येत होते, काही नव्या. मी दोन्ही तासातासाला बघत होते. सोमवारी चाकणच्या त्याच मॅडमचा फोन, आमचं कोटेशन त्यांच्या स्पॅममध्ये गेलं होतं. कारण निघालं एसपीएफ. कोणत्या सर्व्हरला आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे ते सांगणारी ही नोंद असते आणि ती डोमेनला एकच असावी लागते. होस्टिंगने एक आपोआप बनवली होती, मेल सेवेने दिलेली दुसरी मी घातली होती. दोन असल्या की दोन्ही निकामी. एक केली, मेल खरंच आमच्याकडूनच आला हे सहीसारखं सिद्ध करणारी डीकेआयएमची नोंद चालू केली, आणि दुसऱ्या दिवसापासून मेल इनबॉक्समध्ये जायला लागले.

बॅकअपची एक प्रत मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ऑफिसच्या हार्डडिस्कवर उतरवते. होस्टिंग कंपनी रोज बॅकअप घेते हे खरं. पण १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांची साइट आणि बॅकअप दोन्ही तिथेच होते त्यांच्या हाती काही राहिलं नाही. एक प्रत आपल्या कपाटात असावी.

डोमेन आमच्या खात्यात आणायचं काम मुद्दाम मागे ठेवलं होतं. नव्या कंपनीच्या सपोर्टनेच सांगितलं होतं की मुदत संपल्यानंतर नूतनीकरण केलेलं असेल तर ४५ दिवस होऊ द्या, त्याआधी हलवलंत तर आत्ता भरलेलं वर्ष वाया जाऊ शकतं. ७ नोव्हेंबरपासून मोजलं. २६ डिसेंबरला, गुरुवारीच, डिझायनरने डोमेन हलवण्यावरचं लॉक काढून ट्रान्सफरचा कोड पाठवला. १,२३९ रुपये भरले, त्यात पुढचं एक वर्षही मिळतं. पाच दिवस थांबायचं होतं. ३१ डिसेंबरला दुपारी मेल आला, ट्रान्सफर पूर्ण. आता मुदत ७ नोव्हेंबर २०२६ पर्यंत.

कार्डवर ऑटो-रिन्यू लावलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कपातीआधी किमान २४ तास सूचना येते आणि १५,००० च्या वरच्या रकमेला ओटीपी लागतो. कार्ड बदललं, सूचना नजरेतून सुटली, तर पैसे जात नाहीत आणि आपल्याला वाटतं गेले. म्हणून होस्टिंग, मेल आणि डोमेन तिन्हींच्या तारखा ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या आहेत, प्रत्येकीच्या महिनाभर आधी. तिन्ही खात्यांना मोबाइल नंबर बाबांचा आणि माझा, दोघांचा. खात्याचा ईमेल मात्र आमच्या डोमेनवरचा ठेवलेला नाही. डोमेनच बंद पडलं तर त्याची सूचना त्याच डोमेनवर कशी येणार?

ट्रान्सफर झाली तरी नोंदीत मालक म्हणून नाव अजून डिझायनरचंच होतं. हे नाव आधी बदललं असतं तर साठ दिवस ट्रान्सफर अडकू शकली असती, म्हणून शेवटी ठेवलं. बदल करताना पुष्टीचा मेल जुन्या आणि नव्या, दोन्ही मालकांना जातो आणि दोघांनी होकार द्यावा लागतो. २ जानेवारीला मी अर्ज टाकला आणि त्याला मेसेज केला. सोबत २०२३ चे नऊ हजार पाठवले. तो म्हणाला, "ताई, एवढे नाही लागले मला, खर्च साडेचार हजारच होता." मी म्हटलं, ठरलेले होते ते ठरलेले.

रात्री नऊच्या सुमाराला त्याचा मेसेज आला, 'क्लिक केलं, बघा.' मी नोंद उघडली. मालकाच्या रकान्यात कारखान्याचं नाव होतं. बाबा जेवत होते, त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी डाव्या हाताने तो जवळ ओढून स्पेलिंग दोनदा तपासलं.